वरातीच्या घोडीचा पाय

घोड्यांशी माझा संबंध पन्नाशी उलटेपर्यंत आला नव्हता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. बँकेत संगणक आले, माणसं जास्त झाली, आणि ज्यांना जायचं असेल त्यांनी मानाने जावं अशी एक योजना निघाली. मी मानाने गेलो. घरी बसल्यावर पंधरा दिवसांत लक्षात आलं, की सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात आमच्या घराला माझी सवय नाही. आमची ही शाळेत शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर पडत जा हो. मागे उभे राहून फोडणीकडे बघता, मला शाळा तपासायला साहेब आल्यासारखं वाटतं."

बाहेर पडायला कारण मुलीने पुरवलं. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. आठवड्याचे पाच दिवस कंपनीच्या बसमधून जायची-यायची आणि उरलेले दोन दिवस ऑफिसातल्याच सहा-सात जणांबरोबर प्राण्यांचं भलं करायची. या मंडळींनी तीन तट्टं सोडवून आणली होती. 'सोडवून' हा त्यांचा शब्द. वारज्यात हायवेच्या अलीकडे कुणाच्या तरी ओळखीने एक मोकळा प्लॉट मिळाला, त्यावर पत्र्याची शेड पडली, भोवती तारेचं कुंपण झालं. तट्टांना इंग्रजी नावं ठेवण्यात आली. ती मी कधी उच्चारली नाहीत, आणि तट्टांनीही कधी त्यांना ओ दिली नाही.

मग मंडळी एकेक करून ऑनसाइटला जाऊ लागली. कुणी डॅलसला, कुणी लंडनला. ज्याची ओळख होती तो तर सगळ्यांत आधी गेला. शेवटी मुलीचाही व्हिसा आला. बॅग भरता भरता ती म्हणाली, "बाबा, दोन आठवडे फक्त गवताची गाडी उतरवून घ्याल का?" ते दोन आठवडे साडेचार वर्षं चालले.

तिघांपैकी दोघांचं काही अवघड नव्हतं. एक तांबडा, बागेत मुलांना फेऱ्या मारून आणणारा. त्याला सोडला की तो आपणहून गोल फिरायचा, सात फेऱ्या झाल्या की थांबायचा आणि उतरा म्हणून मागे वळून बघायचा. दुसरा म्हातारा, टांग्याचा. रिक्षांनी टांगे बंद पाडले तेव्हा त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं, फक्त त्याला योजना नव्हती. त्याची माझी पहिल्या दिवसापासून बरी गट्टी होती.

तिसरी वरातीची घोडी. पांढरी, किंवा एके काळी पांढरी. आली तेव्हा फासळ्या मोजता येत होत्या आणि पुढचे दोन्ही खूर वाढून, वर वळून, मोजडीच्या टोकासारखे झाले होते. ती टाचांवर भार देऊन चालायची. शेडच्या मागच्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची, आणि माणूस वीस पावलांच्या आत आला की अंग चोरायची. पाठीवर, पायांवर जुने वण होते. मुलीच्या मंडळींनी तिच्या नावाने एक वेबसाइट काढली होती म्हणतात. तिला मात्र अजून कोणी हात लावू शकलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर येऊन लांबूनच बघून गेले. ते म्हणाले, "खूर कापावे लागतील. फार तर दोन महिने. त्यानंतर आतलं हाड फिरेल, मग ती उभी राहणार नाही. उभं न राहणाऱ्या घोड्याचं पुढे काय करतात ते मी तुम्हाला सांगत नाही." मी भूल देता येईल का विचारलं. ते म्हणाले, "ही शरीरयष्टी बघा. झोपेल, पण उठेल याची खात्री मी देणार नाही."

खूर कापायला खडकीहून नालबंद यायचे. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, लुनावर हत्यारांची पिशवी लटकवून. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी तांबड्याचे आणि म्हाताऱ्याचे पाय उरकले आणि घोडीकडे बघून मान हलवली.

"हिला दोरीनं पाडून कापता यील सायेब. पर पडताना कुठं मोडली तर जबाबदारी कोनाची?"

"मग काय करायचं?"

"पाय धरायला दुसरा मानूस लागतो. तिनं तुमच्या हातात पाय द्याया पायजे. दिला की मला सांगा, मी येतो."

असं म्हणून ते लुनाला पायडल मारून निघून गेले. म्हणजे माझ्यापुढे काम स्पष्ट होतं. ज्या घोडीने वीस पावलांच्या आत येऊ दिलं नव्हतं, तिने दोन महिन्यांत माझ्या हातात पाय द्यायचा होता. आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, "तीस वर्षं काउंटरवर बसून समोरच्या माणसाकडे मान वर करून बघितलं नाहीत. आता घोडी तुमच्यावर विश्वास ठेवणार."

मुलीला विचारावं म्हणून सायबर कॅफेत जाऊन ईमेल केलं. तिने उलट टपाली तेरा पानं पाठवली. त्यांत लिहिलं होतं, की घोड्याकडे रोखून बघू नये, त्याच्याकडे पाठ करून बसावं, त्याला आपणहून जवळ येऊ द्यावं, आणि भोवती संपूर्ण शांतता राखावी. मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन घोडीकडे पाठ करून बसू लागलो. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून श्रद्धांजलीपर्यंत वाचायचो, मग शब्दकोडं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे. वारज्यात तेव्हा रोज नवी इमारत उभी राहत होती आणि लोकांना बघायला पुष्कळ काही होतं, तरी थांबायचे.

खुर्चीपासून घोडीपर्यंतचं अंतर मी रोज पावलांनी मोजायचो. पहिल्या आठवड्यात विसाचं अठरा झालं. दुसऱ्यात सतरा. या वेगाने ती माझ्या तेराव्याला पोहोचली असती.

दोष कोणाचा हे मला लगेच समजलं. प्लॉटच्या पलीकडे नुकतंच एक मंगल कार्यालय सुरू झालं होतं. नवीन पद्धतीचं, म्हणजे छप्पर नसलेलं, ज्याला लॉन्स म्हणतात. मालकाचा तिथे ऊस असायचा. आता आयटीतली मुलं घोड्यावर बसून लग्नाला येत होती, आणि वरात नेमकी आमच्या कुंपणाच्या कडेने जायची. ढोल, ताशे, पितळी बँड, पुढे नाचणारी माणसं. पहिल्यांदा वरात आली तेव्हा मी वळून घोडीकडे बघितलं. ती मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून, पुतळ्यासारखी उभी होती. भीतीने गोठली, मी म्हणालो. बिचारीचा सगळा भूतकाळ कुंपणापलीकडून वाजत जातोय, म्हटल्यावर विश्वास कसा बसणार?

मला आयुष्यात एकच कला येते. ती म्हणजे अर्ज लिहिणं. आमच्या पेठेतल्या तीन गणेश मंडळांना आणि एका पिठाच्या गिरणीला ती माहीत आहे. मी पोलीस चौकीला सविस्तर अर्ज दिला, मुद्दे एक ते नऊ, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. आठवडाभर रोज जाऊन बसलो. माझा कंटाळा येऊन म्हणा किंवा मुद्दा क्रमांक सात पटून म्हणा, चौकीने लॉन्सच्या मालकाला बोलावलं आणि लिहून घेतलं: वरात दुसऱ्या रस्त्याने नेणार, आणि संध्याकाळी सहानंतर वाद्य कुठेही वाजवणार नाही. मालक बाहेर पडताना मला म्हणाला, "काका, घोड्यासाठी बँड बंद? आजवर बँड असतो म्हणून घोडं असतं." मी अर्जाची प्रत घडी करून खिशात ठेवली. जिंकलेल्या माणसाने बोलू नये.

त्या दिवसापासून आमच्या प्लॉटवर संपूर्ण शांतता पसरली. पुण्यात एवढी शांतता फक्त दुपारी एक ते चार मिळते. आणि घोडीने खाणं सोडलं.

आधी मला वाटलं हवा बदलली म्हणून असेल. मग वाटलं गवत जुनं असेल. ती दिवसभर कान टवकारून उभी असायची. शेडचा पत्रा उन्हाने तडकला तरी दचकायची. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं की तिच्या अंगावरून शहारा जायचा. अंतर सतराचं वाढून पंचवीस झालं. सहा आठवडे होत आले होते. चालताना आता ती डावा पाय टेकवून पुन्हा उचलत होती, विस्तवावर पडल्यासारखा.  घरी आमची ही टोमणे मारायची थांबली, आणि हे जास्त वाईट होतं.

मग एक दिवस एक वरात चुकली. मुलाकडची माणसं नागपूरकडची होती, त्यांना कुठला रस्ता चालतो आणि कुठला नाही हे ठाऊक नव्हतं. दुपारी साडेचारला पूर्ण बँड आमच्या कुंपणाला येऊन भिडला. मी खुर्चीतून उठलो, अर्जाची प्रत खिशातच असायची, ती काढली आणि तारेशी जाऊन ओरडू लागलो. कोणालाच ऐकू गेलं नाही. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्याला काहीतरी ऊबदार लागलं.

घोडी माझ्या शेजारी येऊन उभी होती. पंचवीस पावलं चालून, तसल्या पायांनी. मान सैल, खालचा ओठ लोंबता, मागचा एक पाय आरामात वाकवलेला. टांग्याचा म्हातारा दुपारच्या झोपेत असाच उभा राहायचा, त्यामुळे ही भीती नव्हे एवढं मला कळलं. मी हात तिच्या मानेवर ठेवला. तिने ठेवू दिला. ढोलाचा दणका तिच्या कातड्यातून माझ्या तळव्याला लागत होता. मला काय वाटलं ते सरळच सांगतो. मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यात कोणीतरी तिला माझ्या हातात दिलं होतं, त्यानंतर इतकं घाबरून आणि इतकं खूश होऊन मी कशालाही हात लावला नव्हता.

वरात वळली. आवाज लांब गेला, बारीक झाला, थांबला. माझ्या हाताखाली तिचं अंग थरथरायला लागलं. ती मागे सरली, वळली, आणि लंगडत लंगडत आपल्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी खडकीला जाऊन मामांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते, ते थांबले.

"वरातीच्या जनावराला वरातीत कोन मारत न्हाई सायेब," ते म्हणाले. "लोक बघत्यात. फोटो निघत्यात. नाचताना चुकली, बिचकली, कुनाच्या पायावर पाय दिला, तर त्याचा हिशेब मागनं. बँड थांबला, मानसं जेवाया बसली, समदं गपगार झालं, की मग."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही.  दीड महिना मी तिच्याकडे पाठ करून तिच्यासाठी कसोशीने काय जमवत होतो, ते आता मला दिसत होतं. अर्ज देऊन, पाठपुरावा करून, मुद्दे एक ते नऊ.

आधी मी सोपा मार्ग करून बघितला. मंडईजवळून बँडची कॅसेट आणली, टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. घोडीने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिने उभं आयुष्य बँडबरोबर काढलं होतं. मी कोणाला फसवत होतो?

म्हणून लॉन्सच्या मालकाकडे जावं लागलं. त्याच्या ऑफिसात गणपतीच्या फोटोशेजारी माझा अर्ज काचेच्या चौकटीत लावलेला होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि पूर्वीच्या उसाच्या शेताकडे बघत बसला.

"बँड हवा होता," मी म्हणालो.

"कुनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. घोडीची नखं काढायची आहेत."

 मी मामांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्याने माझी चेष्टा करायला हवी होती, मी त्या तयारीनेच गेलो होतो. पण त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "माज्या आज्ज्याकडं बैल होते काका. कदी हात उचलला न्हाई त्यानं." मग वही उघडून म्हणाला, "गुरवारी गोरज मुहूर्त हाय. वरात सवापाचला तुमच्या तारंपाशी आनून थांबवतो. नाचू द्या पोरांना. पर सहाला बंद म्हंजी बंद. तुमीच लिवून घेतलंय, माजी सही हाय त्याच्यावर."

गुरुवारी मामा चारलाच आले. मागचे पाय बरे आहेत, फक्त पुढचे दोन करायचे, असं ठरलं. एका पायाला वीस मिनिटं. आधी उजवा, म्हणजे हात बसेल. मग डावा, जो जास्त बिघडलेला. "एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "सुरू केला की पुरा झाला पायजे. अर्धा कापलेला पाय टेकवला तर फाटंल. मग डाक्टर बी नको आन मी बी नको."

सव्वापाचला वरात आली. नवऱ्या मुलाची घोडी झूल पांघरून, डोळ्यांवर मोत्यांची झालर लेवून, आमच्या तारेपलीकडे उभी राहिली. पुढे पंचवीस-तीस सॉफ्टवेअर इंजिनिअर टाय सैल करून नाचायला लागले. आमची घोडी कोपऱ्यातून निघाली आणि माझ्याजवळ येऊन थांबली. मी हात खांद्यावरून खाली नेला, गुडघ्यावरून, नळीवरून. खुराच्या वर अलगद दाबलं. तिने पाय दिला. एवढंच. दोन महिने ज्यासाठी घालवले, ते चहाचा कप हातात द्यावा तसं तिने केलं.

उजवा वीस मिनिटांच्या जागी पंचवीसला झाला. आत किडकं निघालं, ते साफ करण्यात वेळ गेला. मामा घाई करणारे नव्हते. डावा पाय मी उचलून मांड्यांवर घेतला तेव्हा पावणेसहा वाजत होते. पकडीने टोकाचा मोठा तुकडा काढला, मग वाकडी सुरी, मग कानस. मी सारखा मनगटाकडे बघत होतो, कारण घड्याळ माझ्या हातावर होतं आणि हात मला हलवता येत नव्हता. पलीकडे ताशेवाला रंगात आला होता. आणखी दहा मिनिटं त्याने वाजवलं असतं तर मी त्याला घरी जेवायला नेलं असतं.

सहाला बँड थांबला. मालक शब्दाचा पक्का होता. एकदम, मधेच, टिपरी हवेत असताना थांबला. माणसं रुमालाने तोंडं पुसत, हसत, लॉन्सच्या फाटकाकडे गेली. त्यांच्या मागून ती दुसरी घोडीही गेली. फाटक लागलं, आणि सगळं गपगार झालं.

माझ्या मांडीवरचा पाय लाकडासारखा ताठ झाला. मग थरथरायला लागला. मामांनी कानस उचलून धरली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सायेब, सोडा. झाडली तर बरगडी जाईल तुमची."

"किती राहिलं?"

"निम्मं."

घोडीने मान वळवली. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे इतक्या जवळून, सरळ बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या हातांकडे. तिचे कान मागे चिकटले होते आणि श्वास बंद होता. ती पळत नव्हती, लाथ मारत नव्हती. ती वाट बघत होती. आजच्या दिवसात आपलं काय चुकलं, याचा ती विचार करत असावी असं मला वाटलं आणि मला रडू आलं. मोठ्याने आलं. हात गुंतलेले असल्यामुळे तोंड लपवता आलं नाही.

"तासा मामा," मी म्हणालो.

त्यांनी कानस टेकवली. एकच आवाज तेवढा होता, खर्र, खर्र. मी पाय घट्टही धरला नाही आणि सोडलाही नाही. तिला ओढून घ्यायचा असता तर तिने घेतला असता, मी तिला अडवू शकणारा माणूस नाही. पाच मिनिटं झाली असतील. मग थरथर कमी होत गेली, आणि हळूहळू माझ्या मांड्यांवर वजन येऊ लागलं. ती पायाचा भार माझ्यावर टाकत होती. आधी थोडा, मग सगळा. माझी कंबर मोडायला आली आणि मी हूं की चूं केलं नाही.

"झालं," मामा म्हणाले. "ठेवा."

मी पाय खाली ठेवला. तो जमिनीला सपाट टेकला. मामांनी पाठ सरळ केली आणि मीही केली, आणि आम्ही दोघं काही न करता उभे राहिलो. घोडीही तिथेच उभी राहिली, मान वळवलेली, नजर माझ्या हातांवर. असा बराच वेळ गेला. कोणीच मारलं नाही. तेव्हा तिने लांब श्वास सोडला, मान खाली घातली, आणि माझ्या पायाजवळचं गवत खायला लागली.